नंबर जिवंत ठेवण्याचे भाडे



अभ्यासवर्गात मोबाईलच्या रिचार्जचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. पगारवाढ, पाणीवाटप, शेतमालाचे भाव या प्रश्नांपुढे दोनशे रुपयांच्या रिचार्जची मातब्बरी ती काय, असे कोणी विचारील. परंतु ज्या खर्चाला घराघरात दर महिन्याला तोंड द्यावे लागते आणि ज्याविरुद्ध कोणीही मोर्चा काढीत नाही, असा खर्च सामान्य माणसाला सर्वांत मुकाट्याने पोखरीत असतो. म्हणून हा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

हिशेब कोणाचा मांडायचा? दिवसभर चित्रफिती पाहणाऱ्याचा नव्हे, किंवा ज्याचा धंदाच फोनवर चालतो त्याचाही नव्हे. पाटण किंवा भोरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीत राहणारी, सत्तरीला टेकलेली एक आई डोळ्यांसमोर आणावी. मुलगा मुंबईत, मुलगी सासरी. हातात बटणांचा साधा फोन. ती स्वतः होऊन आठवड्यातून दोन-चार फोन करते, तेही मिनिटा-दोन मिनिटांचे. बाकी वेळ तो फोन वाजण्याची वाट पाहायची. बँकेत निराधार योजनेचे पैसे जमा झाल्याचा संदेश त्याच फोनवर येतो. आधारच्या कामाला लागणारा सांकेतिक आकडा त्याच नंबरवर येतो. गॅसचे बुकिंग, दवाखान्याचा निरोप, नातवाच्या बारशाचे आमंत्रण, सारे त्याच नंबरला बांधलेले. अशा माणसाला कंपन्यांच्या भाषेत ‘कमी वापराचा ग्राहक’ म्हणतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२४ साली नियमदुरुस्तीच्या निमित्ताने जो विचार मांडला, त्यात साधे फोन वापरणाऱ्यांची संख्या सुमारे १५ कोटी धरलेली होती. म्हणजे ही एका वाडीतल्या एका आईची गोष्ट नव्हे.

या आईला फोन जिवंत ठेवण्यासाठी किती पैसे मोजावे लागतात? जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा २८ दिवसांचा प्राथमिक पॅक १९९ रुपयांचा झाला. जिओचा तशाच मुदतीचा पॅक १८९ रुपयांचा झाला. आता दुसरा एक आकडा याच्या शेजारी ठेवून पाहावा. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ वर्षे वयाच्या व्यक्तीसाठी केंद्र सरकारचा वाटा महिना २०० रुपये आहे. २००७ साली योजनेला हे नाव मिळाले तेव्हाही तो २०० रुपयेच होता. महाराष्ट्रात राज्य सरकार त्यात आपली भर घालते, म्हणून हाती पडणारी रक्कम मोठी असते, हे खरे. पण केंद्राने म्हातारपणासाठी दिलेले दोनशे रुपये आणि ते जमा झाल्याचा संदेश यावा म्हणून कंपनीला द्यायचे १९९ रुपये, हे दोन आकडे एकमेकांना इतके जवळ येऊन भिडावेत, यात आजच्या व्यवस्थेवरचे भाष्य आपोआप येऊन जाते.

ही स्थिती एका दिवसात आलेली नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातील मोबाईल सेवेचा प्रारंभ केला, तेव्हा ते श्रीमंतांचे यंत्र होते. फोन करणाऱ्यालाही पैसे पडत आणि घेणाऱ्यालाही. सामान्य माणूस तेव्हा पिवळ्या पाटीच्या पीसीओवर किंवा रुपयाच्या डबा-फोनवर अवलंबून होता. त्या डब्याचा न्याय मात्र सरळ होता. नाणे टाकावे तेवढे बोलावे. न बोलणाऱ्याकडून कोणी नाणे मागत नसे.

मे २००३ पासून येणारा फोन निःशुल्क झाला आणि मोबाईल खऱ्या अर्थाने गरिबाच्या दारात आला. २००५-०६ च्या सुमारास ‘आजीवन’ मुदतीच्या योजना आल्या. एकदा पैसे भरावेत, पुढे लागेल तसे दहा-वीस रुपयांचे बोलणे विकत घ्यावे. २००९ साली टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि इतरांनाही त्या वाटेने जावे लागले. ‘मिस्ड कॉल’ ही या काळातली लोकांची स्वतःची निर्मिती. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. पैसा खर्च न करता निरोप धाडण्याची ही युक्ती कुठल्या तज्ज्ञाने शोधली नव्हती. ती गरजेने शोधली होती.

मग कंपन्यांनी अशा ग्राहकाला इतकी वर्षे सांभाळले कसे? त्यांच्या मनात दया होती म्हणून नव्हे. त्यामागे एक व्यवस्था होती. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला की पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे ठरावीक रक्कम देत असे. तिला आंतरजोडणी शुल्क म्हणतात. २००९ पासून ते मिनिटाला २० पैसे होते. वाडीतल्या त्या आईला महिन्याला इतर कंपन्यांच्या नंबरांवरून ३०० मिनिटांचे फोन आले, असे समजू. तिने स्वतः एकही फोन केला नाही तरी तिच्या कंपनीला ६० रुपये मिळत. म्हणजे नुसते ऐकणारा ग्राहकही कमाईचा होता. पुढे हे शुल्क २०१५ मध्ये १४ पैसे, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ पैसे आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. शुल्क शून्य होताच ऐकणारा ग्राहक कंपनीच्या वहीत ‘बोजा’ ठरला. माणूस तोच होता, फोन तोच होता, गरजही तीच होती. बदलले होते ते वहीतले एक कलम.

दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली. पहिले काही महिने सारे फुकट होते. त्या लाटेत अनेक कंपन्या बुडाल्या, काही विलीन झाल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. बाजारात तीन खासगी कंपन्या आणि सार्वजनिक क्षेत्रातील बीएसएनएल एवढेच प्रमुख खेळाडू उरले. फुकटाच्या मेजवानीचे बिल पुढे कोणाला तरी भरावे लागते, हा बाजाराचा जुना नियम आहे. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने किमान रिचार्जची अट आणली. २८ दिवसांना ३५ रुपये. ‘आजीवन’ हा शब्द त्या दिवशी निकालात निघाला. खात्यात शिल्लक असतानाही फोन बंद पडण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा शिल्लक असलेल्या ग्राहकांची सेवा लगेच तोडू नये, असे ट्रायला कंपन्यांना बजावावे लागले.

एअरटेलच्या त्या पायरीची पुढची चढण पाहावी. जुलै २०२१ मध्ये ७९ रुपये. नोव्हेंबर २०२१ मध्ये ९९. २०२३ मध्ये बहुतेक परिमंडळांत १५५. जुलै २०२४ मध्ये १९९. सहा वर्षांच्या आत पाचपटीहून अधिक. कंपन्या म्हणतील, ३५ रुपयांत मोजकेच बोलणे मिळत होते, १९९ मध्ये ते अमर्याद मिळते. हे खरे आहे, आणि खरी गोम तेथेच आहे.

‘अमर्याद’ हा शब्द कानाला गोड लागतो. त्याचा अर्थ मात्र ज्याच्या-त्याच्या वापराप्रमाणे बदलतो. महिन्याला दोन हजार मिनिटे बोलणाऱ्याला १९९ रुपयांत मिनिट दहा पैशांच्या आत पडते. महिन्याला ६० मिनिटे बोलणाऱ्याला तेच मिनिट ३ रुपये ३२ पैशांना पडते. सेकंदाला एक पैसा या २००९ च्या दराने तिच्या ६० मिनिटांचे ३६ रुपये झाले असते. याचा अर्थ असा की पूर्वी ज्याने-त्याने आपल्या वापराचे मोल द्यावे अशी रीत होती. आता सर्वांनी सारखे भाडे भरावे आणि ज्याला परवडेल त्याने मनसोक्त वापरावे, अशी रीत झाली. वरवर ही समता दिसते. प्रत्यक्षात कमी वापरणारा अधिक वापरणाऱ्याचा खर्च उचलतो. या १९९ रुपयांत अठरा टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ३० रुपये वस्तू व सेवा कराचे आहेत. तो करही लखपतीला आणि लाकूडफाटा वेचणारीला एकाच दराने लागतो.

या अन्यायाची दखल अखेर घेतली गेली. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने ग्राहक संरक्षण नियमांत बारावी दुरुस्ती केली. ज्यांना इंटरनेट नको आहे त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि संदेश यांचा निदान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, असे बंधन घातले. अशा विशेष पॅकची मुदत पूर्वी ९० दिवसांपुढे जाऊ शकत नव्हती, ती ३६५ दिवसांपर्यंत वाढविण्यास मुभा दिली. दहा रुपयांचे टॉप-अप ठेवण्याचे बंधनही कायम राहिले.

नियम चांगला होता. त्याची अंमलबजावणी कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ८४ दिवसांचा बिनइंटरनेटचा पॅक आणला, ४९९ रुपयांचा. त्याआधी तेवढ्याच मुदतीचा, ६ जीबी इंटरनेटसह मिळणारा पॅक होता ५०९ रुपयांचा. म्हणजे सहा जीबी काढून घेतले आणि दहा रुपये परत केले! टीका झाली, ट्रायने दर तपासण्याचे सूतोवाच केले, आणि काही दिवसांतच ४९९ चे ४६९ झाले. वर्षभराच्या पॅकचा दर १९५९ वरून १८४९ वर आला. जिओने ८४ दिवसांचा ४५८ चा पॅक ४४८ वर आणला आणि ३६५ दिवसांच्या १९५८ ऐवजी ३३६ दिवसांचा पॅक १७४८ ला ठेवला. या प्रसंगातून शिकण्यासारखी गोष्ट एकच. जो दर काल ‘परवडत नव्हता’ तो लोकांनी आवाज केल्यावर आठवड्याभरात परवडू लागला.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. कार्यकर्त्याला वस्तीत बसून लोकांना सल्ला द्यायचा असेल तर त्याच्याजवळ कागद, पेन्सिल आणि पुढील काही कसोट्या असाव्यात. येथे दिलेले दर जुलै २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेले आहेत. दर बदलत राहतात, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी त्या दिवसाचा दर विचारून घ्यावा. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही.

पहिली कसोटी म्हणजे गरज. या माणसाला इंटरनेट लागते का? साध्या बटणांच्या फोनवर ते सहसा लागत नाही. तरीही दुकानदार सवयीने २८ दिवसांचा इंटरनेटसह पॅकच मारून देतो. ‘फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक द्या’ असे स्पष्ट सांगावे लागते. हे एक वाक्य घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ करून दिले तरी वर्षाकाठी काही शे रुपये वाचतात.

दुसरी कसोटी दिवसाच्या दराची. पॅकची किंमत पाहू नये, किमतीला दिवसांनी भागावे. १९९ रुपयांचा २८ दिवसांचा पॅक दिवसाला ७ रुपये ११ पैशांना पडतो. ४६९ चा ८४ दिवसांचा ५ रुपये ५८ पैशांना, ४४८ चा ५ रुपये ३३ पैशांना. १७४८ चा पॅक १८४९ पेक्षा १०१ रुपयांनी स्वस्त दिसतो. परंतु पहिला ३३६ दिवसांचा आहे, दुसरा ३६५ दिवसांचा. भागाकार केल्यावर पहिला दिवसाला ५ रुपये २० पैसे आणि दुसरा ५ रुपये ७ पैसे पडतो. स्वस्त दिसणारा महाग निघाला. २८ दिवसांच्या ‘महिन्या’चीही हीच गंमत आहे. वर्षात बारा महिने असतात, पण असे रिचार्ज तेरा करावे लागतात. तक्रारींनंतर जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा असे निदान एकेक पॅक ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक केले. ते असतात, पण दुकानाच्या पाटीवर ठळक दिसत नाहीत.

तिसरी कसोटी एकरकमी पैशांची. तेरा वेळा १९९ भरले की २५८७ रुपये होतात. तोच माणूस एकदम १८४९ भरू शकला, आणि त्याला इंटरनेट नको असेल, तर त्याचे ७३८ रुपये वाचतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे दोन दिवसांहून अधिक मजुरी केवळ एवढ्यासाठी जाते की हाती एकदम अठराशे रुपये नसतात. गरिबाला गरीब असण्याचाही दंड भरावा लागतो, तो असा. यावर उपाय घरातच शोधता येतो. मुंबईतल्या मुलाने दिवाळीला आईला साडी नेतो तशी वर्षाच्या रिचार्जची पावती न्यावी. ज्या शेतमजुराच्या किंवा ऊसतोड कुटुंबाच्या हाती वर्षातून एकदाच पैसा येतो, त्याने तो येताच लांब मुदतीचा पॅक घ्यावा. बचत गटाला सभासदांच्या रिचार्जसाठी छोटी उचल देता येईल. मात्र जिओच्या ४४८ च्या पॅकचे चार रिचार्ज १७९२ रुपयांना होतात आणि ३३६ दिवसांचा पॅक १७४८ ला आहे. तेथे फरक अवघा ४४ रुपयांचा. एवढ्यासाठी कोणी कर्ज काढून एकरकमी पैसे भरू नयेत. ८४ दिवसांचाच पॅक घ्यावा.

चौथी कसोटी फोनच्या जातीची आणि टॉवरच्या पोहोचीची. जिओच्या जाळ्यात टू-जी सेवा नाही. म्हणून जुना टू-जी बटणफोन तेथे चालत नाही, फोर-जी चालणारा संच घ्यावा लागतो. जिओभारतसारखा कमी किमतीचा संच त्यासाठी मिळतो, पण त्याचे पॅक वेगळे असतात. बीएसएनएलने जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांबरोबर दर वाढविले नाहीत. तिचे कमी रकमेचे, लांब मुदतीचे पॅक कमी वापराच्या ग्राहकाने अवश्य पाहावेत. परंतु स्वस्त पॅक घेऊन घरात रेंजच नसेल तर ते पैसे पाण्यात गेले. शेजाऱ्याच्या फोनवर, चुलीपाशी आणि ओसरीवर, रेंज येते का ते पाहून मगच निर्णय करावा.

पाचवी कसोटी टॉप-अपची. दहा रुपयांच्या टॉप-अपमधून कर आणि शुल्क वजा जाता हाती ७ रुपये ४७ पैसे येतात. हे पैसे बोलण्यासाठी असतात. त्यामुळे नंबरची मुदत वाढेलच असे नाही. ‘दहाचे मारले होते, तरी फोन बंद कसा?’ हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो, त्याचे कारण हे. पॅकची मुदत संपली की आधी जाणारे फोन थांबतात, काही दिवसांनी येणारेही. २०१३ चा एक नियम या ठिकाणी लक्षात ठेवावा. ९० दिवस वापर नसलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते. पण खात्यात २० रुपये किंवा अधिक शिल्लक असेल तर तेवढे कापून ३० दिवसांची मुदतवाढ द्यावी, अशी ती तरतूद आहे. नंबर दुसऱ्याच्या हाती जाऊ नये यासाठी ही तरतूद उपयोगी आहे. फोन चालू राहण्याची ती हमी नव्हे. हा भेद न समजल्याने जानेवारी २०२५ मध्ये ‘वीस रुपयांत नंबर चालू’ अशा चुकीच्या बातम्या पसरल्या होत्या.

सहावी कसोटी दुसऱ्या सिमची. अनेक घरांत एका फोनमध्ये दोन सिम असतात आणि दोन्हींवर रिचार्ज चालू असतो. बँक, आधार, गॅस आणि रेशन हे सारे एका नंबरला जोडून घ्यावे आणि दुसरा सोडून द्यावा. मात्र क्रम चुकता कामा नये. आधी सर्व ठिकाणी नंबर बदलून घ्यायचा, मगच जुना सोडायचा. सोडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या माणसाला मिळतो. बँकेचा संदेश त्या परक्या हातात जाणे हे रिचार्ज वाचविण्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

शेवटची कसोटी कंपनी बदलण्याची. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ‘पोर्ट’ असे लिहून पुढे आपला नंबर घालून १९०० या क्रमांकावर संदेश पाठवावा लागतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात. कंपनी बदलली की जुन्या पॅकची उरलेली मुदत आणि शिल्लक बुडते. म्हणून वर्षाचा पॅक मारल्यावर चार महिन्यांनी कंपनी बदलणे हे नुकसानीचे. मुदत संपण्याच्या थोडे आधी बदलावे. न मागता एखादी गाणी-भविष्याची सेवा सुरू होऊन पैसे कापले गेले तर १५५२२३ या क्रमांकावर ती बंद करता येते. अन्य तक्रारींसाठी १९८ आहे. तक्रार केल्यावर तिचा क्रमांक लिहून घ्यावा, कारण क्रमांकाशिवाय तक्रार केलीच नव्हती असे ठरते.

इतका हिशेब केला की प्रश्न सुटला का? तो अर्धाच सुटला. उत्तमात उत्तम पॅक निवडूनही त्या आईला आठवड्याच्या चार फोनांसाठी दिवसाला पाच रुपये मोजावेच लागतात. निवड शहाणपणाची असू शकते, पण ज्या चौकटीत ती करावी लागते ती चौकट न्याय्य आहे का, हा प्रश्न उरतोच.

या ठिकाणी कंपन्यांची बाजूही प्रामाणिकपणे ऐकून घेतली पाहिजे. त्या म्हणतात, टॉवर उभा करण्याचा, लहरींच्या लिलावाचा, विजेचा खर्च म्हातारीने फोन केला न केला तरी होतच असतो. भारतात इंटरनेटचा एका जीबीचा दर जगातील कमी दरांपैकी आहे, असेही त्या सांगतात. दोन्ही विधाने खोटी नाहीत. परंतु दुसऱ्या विधानाचा त्या आईशी संबंध काय? ती जीबी विकत घेतच नाही. आणि खर्च ठरलेला असतो हे खरे असले तरी तो कोणावर किती वाटायचा हे निसर्गाने ठरविलेले नाही. वीजबिलात पहिल्या काही युनिटांना कमी दर लावण्याची पद्धत आहे. एसटीत ज्येष्ठांना सवलत आहे. जी गोष्ट विजेला आणि एसटीला साधते ती फोनला साधू नये असे कारण नाही. मोबाईलचे दर ठरविण्याचा अधिकार ट्रायकडे आहे. पण या शतकाच्या प्रारंभी, स्पर्धा दर खाली ठेवील या विश्वासाने, ट्रायने दर ठरविणे कंपन्यांवर सोपविले. तेव्हा स्पर्धा होती. तीन कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवावेत, जसे जुलै २०२४ मध्ये घडले, तेव्हा त्या विश्वासाचा फेरविचार व्हायला हवा.

भांडवलशाहीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेतही १९८५ पासून ‘लाइफलाइन’ नावाची योजना आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाच्या फोन बिलात तिच्यातून दरमहा सवलत मिळते आणि पुढे ती मोबाईललाही लागू झाली. भारतात यासाठी नवा निधी उभारण्याचीही गरज नाही. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीत जमा होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले. २०२४ च्या नियमांत महिला, अपंग आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या सेवा या निधीच्या कक्षेत घेतलेल्या आहेत. दार उघडेच आहे. आत जाण्याची मागणी कोणी तरी केली पाहिजे.

मागणी मोठी नाही. सरकारी सामाजिक साहाय्य घेणाऱ्या व्यक्तीच्या एका नंबरवर येणारे फोन आणि सरकारी व बँकेचे संदेश मुदत संपल्याच्या कारणाने बंद होऊ नयेत. कमी वापराच्या ग्राहकासाठी थोडक्या मिनिटांचा, लांब मुदतीचा आणि खरोखरच कमी किमतीचा एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवावा. त्याची कमाल मर्यादा ट्रायने ठरवावी. आणि बीएसएनएलने हे काम सर्वांआधी करून दाखवावे. लोकांच्या पैशाने २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये तिला पुनरुज्जीवनासाठी मोठे अर्थसाहाय्य मिळाले. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे उद्घाटनही झाले. सार्वजनिक उद्योगाचे औचित्य त्याच्या नफ्यापेक्षा अशाच जागी सिद्ध व्हायचे असते.

राज्याने प्रत्येक हक्क फोनच्या नंबरला बांधला. पैसे आल्याची खबर, ओळख पटविण्याचा आकडा, योजनेची पडताळणी, सारे त्यावर. ज्या क्षणी हे घडले त्या क्षणी नंबर ही चैन राहिली नाही, ते नागरिकत्वाचे एक साधन झाले. साधन सक्तीचे करायचे आणि त्याचे भाडे मात्र खासगी मर्जीवर सोडायचे, हे कोणत्याही लोकशाहीला शोभणारे नाही.

तोवर कार्यकर्त्यांनी करण्याजोगे काम साधे आहे. येत्या रविवारी वस्तीतल्या दहा घरांत जावे. प्रत्येक फोनचा पॅक कोणता, मुदत कधी संपते, इंटरनेट लागते का, नंबर कुठे कुठे जोडलेला आहे, हे लिहून घ्यावे. किमतीला दिवसांनी भागून दाखवावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुदतीच्या तारखेला लाल खूण करून द्यावी. दहा घरांचे मिळून वर्षाला किती पैसे अकारण जातात, त्याची बेरीज करावी. ती बेरीज ज्या दिवशी वस्तीतल्या लोकांसमोर वाचली जाईल, त्या दिवशी हा मुकाट्याने सोसायचा खर्च उरणार नाही. तो मागणीचा विषय होईल.